ईसीसीडी की एलएचसीडी? प्लाझ्माच्या स्थैर्यावर प्रयोग करायचे असतील तर

टोकामाकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा (तापून विद्युतभारित झालेला वायू) चुंबकांनी कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, मायक्रोवेव्हने करंट चालवायचे दोन रस्ते तुम्हाला ठाऊक असणारच, नाहीतर हे वाचायला घेतलं नसतं. एक इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉनचा, म्हणजे ईसीसीडी. दुसरा लोअर हायब्रिड नावाच्या लहरीचा, एलएचसीडी (सीडी म्हणजे करंट ड्राइव्ह; पुढे नुसतं ईसी आणि एलएच म्हणतो). पाठ्यपुस्तकं दोघांना एकाच मोजपट्टीवर उभं करतात: वॅटमागे किती अँपिअर. तिथला निकाल केव्हाच लागलाय. घनता, मोठी त्रिज्या आणि करंट यांच्या गुणाकाराला पॉवरने भागलं की जो आकडा येतो तो एलएचसाठी ०.२ ते ०.३ च्या घरात असतो (दहाच्या विसाव्या घाताच्या एककात), आणि ईसीसाठी आजच्या यंत्रांवर साधारण त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाइतका. नुसता करंट हवा असेल तर एलएच घ्या आणि सुखी व्हा.

तुम्हाला टेअरिंग मोड (चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात ती अस्थिरता), सॉटूथ (गाभ्याचं तापमान हळूहळू चढून एकदम कोसळणं), आयलंड (टेअरिंग मोडने तयार होणारं चुंबकीय रेषांचं बेट) यांच्या मागे लागायचं असेल तर मात्र ही मोजपट्टी फारशी कामाची नाही, असं माझं मत झालंय. मी सुरुवात एलएचवर केली, मग ईसीकडे वळलो आणि तिथेच राहिलो. तेव्हा पुढचं सगळं तटस्थपणे लिहिलंय असा आव आणत नाही.

न्यूट्रल बीमचं, म्हणजे वेगवान अणूंच्या झोताचं, आधी उरकतो. बीमनेही करंट चालतो, भरपूर चालतो. पण तो पसरट असतो, आणि बीम प्लाझ्माला गरागरा फिरवतो. फिरण्याचा मोडवर वेगळाच परिणाम होतो. मग मोड दबला तो करंटमुळे की फिरण्यामुळे, हे सोडवता सोडवता पीएचडीची वर्षं जातात. बीम तुमच्या प्लाझ्मात असू द्या, हवाच आहे, पण त्याला हत्यार करू नका.

आता मुद्द्याचं. निओक्लासिकल टेअरिंग मोडची गोष्ट थोडक्यात अशी: क्यूचं (चुंबकीय रेषा उभा एक फेरा घेते तेवढ्यात कड्याभोवती आडवे किती घेते, त्या आकड्याचं) मूल्य ३/२ किंवा २/१ असलेल्या पृष्ठभागावर आयलंड उघडलं की आयलंडच्या आतला दाबाचा उतार सपाट होतो. उतार गेला की त्या उतारामुळे आपोआप वाहणारा बूटस्ट्रॅप करंट जातो. आणि करंटची ती खोट आयलंडला आणखी फुगवते. फुगलेलं २/१ आयलंड भिंतीला अडकून थांबलं, म्हणजे लॉक झालं, की पुढे डिसरप्शनची, म्हणजे प्लाझ्मा एकाएकी कोसळण्याची, वाट असते. इलाज सरळ आहे: जिथे खोट पडली तिथेच करंट भरायचा, ओ-पॉइंटवर, म्हणजे आयलंडच्या मध्यावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला गार्किंगच्या आस्डेक्स अपग्रेडवर, जपानच्या जेटी-६०यूवर आणि सान दिएगोच्या डीआयआयआय-डीवर हे ईसीसीडीने करून दाखवलं गेलं.

इथे एलएचवाले लगेच कॉम्पास-डीचं नाव घेतील, आणि घ्यावंच. कलहॅमच्या त्या यंत्रावर एलएचसीडीने निओक्लासिकल मोड पूर्ण दाबल्याचा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला. तो खरा आहे आणि चांगला आहे. पण तो कसा मिळाला तेही बघा. एलएचने आयलंडच्या पोटात करंट भरला नाही. आजूबाजूचा सगळा करंट प्रोफाइलच असा बदलला की मोडला वाढायला जागा राहिली नाही. मोड घालवायचा असेल तर तुम्हाला याने काही फरक पडत नाही. मोड *समजून* घ्यायचा असेल तर पडतो.

एलएचचं चांगलं

आधी चांगलं सांगतो, कारण पुढे मी त्याच्याशी जरा कडक वागणार आहे.

नॅथॅनिएल फिश यांनी १९७८ मध्ये कागदावर मांडलेली ही कल्पना काही वर्षांतच प्रिन्स्टनच्या पीएलटीवर चालताना दिसली. त्यानंतर लांब शॉटचं (प्लाझ्माची एक धाव म्हणजे एक शॉट) जवळजवळ सगळं राज्य एलएचचं. क्यूशूच्या ट्रायम-१एमने २००३ मध्ये ५ तास १६ मिनिटं प्लाझ्मा धरून ठेवला, करंट अगदी थोडा असला तरी. कादाराशच्या तोर सुप्राने त्याच वर्षी सहा मिनिटांहून लांब शॉटमध्ये १ गिगाज्यूल ऊर्जा आत घातली. त्याच यंत्राचा पुढचा अवतार म्हणजे वेस्ट. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे १३३७ सेकंदांचा शॉट झाला. या पंक्तीत ईसीला बसायला अजून अवकाश आहे.

शिवाय एलएचची पॉवर तयार करणारा क्लायस्ट्रॉन हा बिचारा कष्टाळू प्राणी आहे. ईसीची पॉवर तयार करणाऱ्या जायरोट्रॉनसारखं त्याला सुपरकंडक्टिंग चुंबक लागत नाही, हिऱ्याची खिडकी लागत नाही. आणि एक गोष्ट जी ईसीवाले सोयीस्करपणे विसरतात: एलएचमध्ये लहरीचा समांतर अपवर्तनांक (चुंबकीय रेषेच्या दिशेने लहर किती सावकाश जाते तो आकडा) फेज बदलून बदलता येतो, तोही मिलिसेकंदात, काहीही न हलवता. ईसीचा झोत वळवणारा आरसा हलायला वेळ लागतो आणि तो निर्वातात, न्यूट्रॉनांच्या आणि उष्णतेच्या माऱ्यात बसलेला असतो. तिथली बेअरिंग्ज आणि शीतजलाच्या नळ्या हा अभियंत्यांचा कायमचा रडीचा विषय.

अटेन्युएशन, ट्रान्समिशन लाइन, किंमत या गोष्टींवर मी बोलत नाही. तुम्ही यंत्र विकत घेणार नाही आहात, असलेल्या यंत्रावर जाणार आहात.

जिथे माझं बिनसलं

एलएचची लहर ग्रिलच्या, म्हणजे तिच्या अँटेनाच्या, तोंडापासून प्लाझ्मापर्यंत आपली आपण पोहोचत नाही. ग्रिलसमोर ठरावीक घनता असावीच लागते, नाहीतर लहर विरून जाते आणि पॉवर उलटी क्लायस्ट्रॉनकडे येते. ३.७ गिगाहर्ट्झला ही किमान घनता साधारण १.७ × १०^१७ प्रति घनमीटर, ४.६ ला २.६ × १०^१७. म्हणून ग्रिल प्लाझ्माच्या कडेला अगदी चिकटून ठेवावं लागतं, दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे झालं की चित्र बदलतं. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पुस्तकात ते 'कपलिंग' नावाच्या प्रकरणात असतं आणि ते अभियंत्यांचं काम आहे असं समजून भौतिकीवाले पुढची पानं उलटतात.

आता स्थैर्याचा प्रयोग डोळ्यांपुढे आणा. तुम्ही मोडची वाट बघताय. करंट चालू आहे, पॉवर स्थिर आहे. चुंबकीय क्षेत्राचे चढउतार टिपणाऱ्या मिर्नोव्ह कॉइलवर २/१ दिसायला लागतो. मोड वाढतो तसा प्लाझ्माचा परीघ हलतो, कडेची घनता बदलते. ग्रिलसमोरची घनता पडते. परत येणारी पॉवर वाढते. संरक्षक सर्किट आपलं काम करतं आणि क्लायस्ट्रॉन बंद पाडतं. काही मिलिसेकंदांनी पुन्हा चढवतं, पुन्हा ट्रिप. मग शॉट संपल्यावर नियंत्रण कक्षात तुम्ही पडद्यावर बघताय: मोडचा आकार बदलला आहे, आणि त्याच वेळी एलएच पॉवरच्या रेषेला कंगव्यासारखे दात पडले आहेत. करंटमुळे मोड बदलला? की मोडमुळे पॉवर गेली आणि पॉवर गेल्यामुळे करंट बदलला आणि मग मोड बदलला?

ज्या यंत्रावर मी एलएच वापरली तिथे माझ्या नेमक्या हव्या असलेल्या शॉटमध्ये हे व्हायचं. साध्या, शांत, मोड नसलेल्या प्लाझ्मात सगळं कसं छान चालायचं. मोड आला की पॉवर गेली. म्हणजे ज्या क्षणासाठी हे सगळं चाललं होतं, नेमक्या त्याच क्षणी हत्यार हातातून गळून पडायचं. ही त्या यंत्राची खोड नव्हे, या पद्धतीच्या मुळातच हे आहे. काही ठिकाणी ते कमी असेल, पॅसिव्ह-अ‍ॅक्टिव्ह जातीचं नवं ग्रिल कमी घनतेतही बरं वागतं हेही खरं. तरी मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांनी "हो, आमच्याकडेही" असंच म्हटलं.

यावर उपाय म्हणून ग्रिलजवळ वायूचा फवारा सोडतात, म्हणजे कडेची घनता टिकून राहते. इंग्लंडमधल्या जेईटी टोकामाकवर हे वर्षानुवर्षं केलं गेलं आणि चाललंही. पण स्थैर्याच्या माणसाला यात काय मिळालं? कडेची घनता आता तुम्ही स्वतः बदलताय. कडेला वायू घातला की कडेचं तापमान, रिसायकलिंग, अशुद्धी, सगळंच जागचं हलतं. एक अनोळखी चल काढायला गेलात आणि दोन आणून ठेवलेत.

चीनच्या ईस्ट टोकामाकवरचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. २०१३ मध्ये तिथून आलेल्या निकालात एलएचसीडी चालू केल्यावर एल्म (प्लाझ्माच्या कडेला पुन्हापुन्हा होणारे उद्रेक) मवाळ झाले. का? तर एलएच पॉवरचा काही भाग कडेच्या बाहेरच्या थरात चुंबकीय रेषांना धरून वळत जाणारे करंटचे धागे तयार करत होता, आणि ते धागे मुद्दाम बसवलेल्या कॉइलसारखं काम करत होते. शोध म्हणून सुंदर. पण हत्यार म्हणून बघितलं तर ते ज्याला हात लावायचा नाही त्यालाच हात लावतंय, असा त्याचा अर्थ होतो.

करंट गेला कुठे?

कपलिंग सांभाळलंत, तरी पुढचा प्रश्न आहेच. एलएच लहर कुठे शोषली जाईल हे तुमच्या हातात फारसं नसतं. तिचा अपवर्तनांक आणि तिथलं इलेक्ट्रॉन तापमान जुळलं की ती तिथे आपली ऊर्जा सोडते. थंड प्लाझ्मात पहिल्या फेरीत ते जुळतच नाही. मग लहर आत-बाहेर उसळत राहते, वाटेत तिचा अपवर्तनांक बदलत जातो, आणि कधीतरी जुळतं. रे-ट्रेसिंग करून बघितलं तर किरणांच्या वाटा पाहून डोकं गरगरतं. सुरुवातीची घनता किंचित बदला, शेवट वेगळाच. उलट भविष्यातल्या अणुभट्टीसारख्या गरम प्लाझ्मात ती बाहेरच्या भागातच शोषली जाते, गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. घनता वाढली तर आणखी पंचाईत. एमआयटीच्या अल्काटर सी-मॉडवर घनता एका मर्यादेपलीकडे गेल्यावर चालवलेला करंट अपेक्षेपेक्षा फार लवकर गायब झाला, आणि पॉवर कडेलाच खर्ची पडत होती असं दिसून आलं.

करंट कुठे गेला ते बघायला हार्ड एक्स-रे कॅमेरा लागतो. एलएचने वेगवान केलेले इलेक्ट्रॉन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा-वीसपासून शे-दीडशेपर्यंत असतात, त्यांचं ब्रेम्सस्ट्रालुंग (वेग मंदावताना ते सोडतात ते क्ष-किरण) अनेक रेषांवर मोजायचं आणि उलट गणित करून प्रोफाइल काढायचा. चांगलं चालतं, पण वेळेतलं आणि जागेतलं बारकाव्याचं चित्र एकदम मिळत नाही. शिवाय हेच वेगवान इलेक्ट्रॉन ईसीई रेडिओमीटरला फसवतात. ईसीई म्हणजे आपला सगळ्यात लाडका तापमापक, आयलंड बघायची खिडकी. एलएच चालू झाली की त्यावरचं तापमान खरं किती आणि वेगवान इलेक्ट्रॉनांचं किती, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

पाटाचं पाणी आणि ठिबक, असा हा फरक मला वाटतो. पाटाने पाणी जास्त येतं यात वाद नाही, पण कुठल्या वाफ्यात किती मुरलं ते सांगता येत नाही.

ईसीचा हात

ईसीत अनुनाद ठरवतं ते चुंबकीय क्षेत्र: एका टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ, दुसऱ्या हार्मोनिकला दुप्पट. अडीच टेस्लाच्या यंत्राला १४० गिगाहर्ट्झ. क्षेत्र बाहेरच्या बाजूला घटत जातं, म्हणून अनुनाद एका उभ्या पातळ थरात होतो. आरसा वर-खाली वळवून तुम्ही झोत त्या थराला कुठे भिडवायचा ते ठरवता. अँटेना भिंतीत, प्लाझ्मापासून लांब. मधल्या पोकळीत लहर सुखाने प्रवास करते. कडेला काय चाललंय याच्याशी तिला जवळजवळ देणंघेणं नाही. मोड उसळला, कड हलली, घनता पडली, तरी जायरोट्रॉन आपला चालू. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मोडच्या सबंध आयुष्यभर पॉवरची रेषा सपाट होती, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथेच झाला. बाकीची कारणं मी नंतर गोळा केली.

ती कारणंही भक्कम आहेत. आरशाचा आडवा कोन बदलला की करंटची दिशा बदलते. प्लाझ्माच्या करंटच्या दिशेने, उलट दिशेने, किंवा शून्य कोनावर नुसतंच तापवणं. पॉवर तीच, जागा तीच, करंट तेवढा उलटा. स्थैर्याच्या प्रयोगाला याहून चांगला नियंत्रण-शॉट कुठे मिळणार? (जागा तीच ठेवायला उभा कोन थोडा सुधारावा लागतो, कारण डॉप्लरमुळे अनुनाद सरकतो, टोरबीम किंवा तुमच्या गटाचा जो कोड असेल तो हे शॉटच्या आधी सांगतो.) एलएचमध्ये दिशा उलटी करणं म्हणजे बहुतेक ग्रिलच्या मूळ रचनेशीच भांडण.

जागा तपासायची रीतही सोपी. पॉवर काही दहा हर्ट्झने चालू-बंद करा आणि ईसीईच्या कुठल्या चॅनेलवर ती वारंवारता सगळ्यात जोरात येते ते बघा. झोत तिथेच पडतोय. मोडच्या वारंवारतेशी तीच जागा ताडून बघितली की किती सेंटीमीटरने चुकलात तेही कळतं. आणि चुकायला फार जागा नाही: डीआयआयआय-डीवर दोन-एक सेंटीमीटरने हुकलं तर परिणाम जवळपास शून्य होतो असं दिसलं. म्हणून त्यांनी 'शोधा आणि दाबा' पद्धत काढली. आरसा जागचा न हलवता अख्खा प्लाझ्माच थोडा थोडा सरकवत मोड कुठे दबतो ते पाहायचं. नंतर आरसे शॉट चालू असतानाच हलायला लागले.

आयलंड फिरतं तेव्हा आणखी गंमत करता येते. झोताचा पट्टा आयलंडपेक्षा रुंद असेल तर निम्मी पॉवर एक्स-पॉइंटवर (आयलंडांच्या मधल्या सांध्यावर) पडून वाया जाते, किंबहुना नुकसान करते. मग जायरोट्रॉन आयलंडच्या फिरण्याशी ताल जुळवून चालू-बंद करायचा, फक्त ओ-पॉइंट समोर असताना. आस्डेक्स अपग्रेडवर २००७ च्या सुमारास दाखवलं गेलं की असा रुंद झोत सतत चालू ठेवून मोड जात नाही, ताल जुळवला की जातो. आयटर या मोठ्या आंतरराष्ट्रीय टोकामाकच्या जायरोट्रॉनला ५ किलोहर्ट्झपर्यंत पॉवर मॉड्युलेट करता यावी अशी अट आहे ती यासाठीच. सॉटूथबाबतही हेच: क्यू=१ च्या आत करंट टाकला तर सॉटूथ लवकर पडतात, बाहेर टाकला तर लांबतात. लोझानच्या टीसीव्हीवर तर दर सॉटूथनंतर ईसी पॉवर ठरावीक वेळी बंद करून पुढच्या सॉटूथची वेळ ठरवता येते इथपर्यंत मजल गेली. अस्थिरतेला अशी वेळ ठरवून बोलावता येणं, यासारखं सुख या धंद्यात दुसरं नाही.

ईसीची दुखणी

आता ही बाजूही ऐका, नाहीतर माझ्यावर भरवसा ठेवून पस्तावाल.

पहिलं दुखणं: करंट कमी मिळतो, आणि जिथे हवा तिथेच सगळ्यात कमी. २/१ चा पृष्ठभाग बाहेरच्या अर्ध्यात असतो. तिथे अडकलेले (पूर्ण फेरी न मारता मागेपुढे उसळणारे) इलेक्ट्रॉन जास्त, आणि ओहकावा परिणामाने, म्हणजे त्यांच्यामुळे उभ्या राहणाऱ्या उलट्या करंटने, चालवलेला करंट खाल्ला जातो. टीसीव्हीवर २००० साली २१० किलोअँपिअरचा अख्खा करंट ईसीने चालवला गेला हे खरं, पण ते लहान यंत्र, कमी घनता आणि भरपूर पॉवर यांचं गणित आहे. त्यावरून आपल्या यंत्राची स्वप्नं पाहू नका.

दुसरं त्याहून नाजूक. ईसी करंट चालवते तसं तापवतेही. आयलंड आतून तापलं की तिथला रोध घटतो आणि प्लाझ्माचा स्वतःचा करंट तिकडे वळतो. म्हणजे मोड दबला तो तुम्ही चालवलेल्या करंटने की या आयत्या करंटने? युलिखच्या टेक्स्टॉरवर बाहेरच्या कॉइलने मुद्दाम आयलंड तयार करून त्यावर ईसी मारली, आणि निष्कर्ष असा निघाला की तिथे दबण्याचं मुख्य काम तापवण्याने केलं होतं. मोठ्या, गरम यंत्रांवर करंटचा वाटा मोठा होतो. तरीही हा प्रश्न परीक्षक विचारणार, आणि उत्तर म्हणून तुमच्याकडे ते तीन शॉट हवेत: सुलट, उलट, शून्य कोन. ज्या विद्यार्थ्यांनी हे शॉट 'नंतर बघू' म्हणून सोडले त्यांचे हाल मी बघितलेत.

तिसरं, कटऑफ, म्हणजे ज्या घनतेपलीकडे लहर शिरतच नाही ती हद्द. १४० गिगाहर्ट्झला दुसऱ्या हार्मोनिकची एक्स-लहर १.२ × १०^२० प्रति घनमीटरला थांबते. त्याच्या खालीही घनतेचा उतार झोताला वाकवतो, म्हणजे घनता बदलली की लक्ष्य सरकलं. आणि जी पॉवर शोषली गेली नाही ती भांड्यात इकडेतिकडे उसळत राहते. खिडक्या, केबल, बोलोमीटर कोणालाच ते मानवत नाही. ईसीईच्या मिक्सरला जायरोट्रॉनच्या वारंवारतेपासून वाचवायला नॉच फिल्टर बसवावे लागतात, आणि जायरोट्रॉन चालू होताना त्याची वारंवारता क्षणभर सरकते ती नेमकी फिल्टरच्या खाचेबाहेर पडू शकते. एलएच ईसीईला फसवते, ईसी ती जाळायला बघते. हे दुःख मात्र एकदाच भोगावं लागतं: चांगला फिल्टर बसला की सुटलात. कपलिंगचं दर शॉटला.

ग्राइफ्सवाल्डचा दाखला

ईसीसीडी हे *अभ्यासाचं* हत्यार म्हणून किती धारदार आहे ते मला सगळ्यात स्पष्ट दिसलं टोकामाकवर नव्हे, स्टेलरेटरवर, म्हणजे प्लाझ्मातल्या करंटशिवाय नुसत्या बाहेरच्या कॉइलनी चुंबकीय रेषा पिळणाऱ्या यंत्रावर. ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्सला करंटची गरजच नाही, तो शक्य तितका नसावा अशीच त्याची रचना आहे. तरी डायव्हर्टरच्या (बाहेर पडणारी उष्णता झेलणाऱ्या पाट्यांच्या) कडेची आयलंड जागेवर ठेवायला थोडा करंट सुधारून घ्यावा म्हणून तिथे ईसीसीडी वापरून बघितली. आणि सॉटूथसारखे कोसळे सुरू झाले, ज्या यंत्रात ते असू नयेत त्या यंत्रात.

कारण सुबक आहे. झोताने एका अरुंद पट्ट्यात करंट टाकला. एकूण करंट लगेच वाढत नाही, प्लाझ्मा आपला उलटा करंट उभा करून त्याला बराच वेळ झाकतो. पण स्थानिक पातळीवर आयोटाचा (म्हणजे १ भागिले क्यूचा) प्रोफाइल त्या पट्ट्याजवळ वाकला आणि १ ला जाऊन भिडला, एकदा नव्हे तर दोन ठिकाणी. मग कोसळा, मग पुन्हा भरणं, पुन्हा कोसळा. काही शॉटमध्ये तर कोसळ्याने प्लाझ्माच गेला.

यात मला भावतं ते असं: झोत हलवला की कोसळ्याची जागा, आकार, आवर्तन सगळं बदलतं. म्हणजे सिद्धांताला ताडून बघायची एक मूठ तुमच्या हातात येते, जी नैसर्गिक सॉटूथमध्ये कधीच मिळत नाही, कारण तिथे करंटचा प्रोफाइल प्लाझ्मा स्वतः ठरवतो. एलएचने हे असं करता आलं असतं का? कदाचित. मी तरी करायला जाणार नाही.

भारतात राहून करायचं असेल तर

इथे माझा कल थोडा सैल होतो. गांधीनगरजवळ भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य-यू आणि एसएसटी-१ आहेत, दोन्हीकडे ४२ गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन. दीड टेस्लाला मूळ वारंवारतेवर, पाऊण टेस्लाला दुसऱ्या हार्मोनिकवर बसतो. एसएसटी-१ वर ३.७ गिगाहर्ट्झची एलएचही आहे. पण आदित्य-यूचं इलेक्ट्रॉन तापमान काही शे इलेक्ट्रॉनव्होल्टचं, आणि ईसीचा करंट तापमानाच्या जोरावर वाढतो. तिथे ईसीने करंट चालवून मोड दाबायचा विषय घेतलात तर मोजण्याइतका करंट मिळवतानाच दमाल. त्याऐवजी तापवून मोड कसा बदलतो, हा प्रश्न तिथे प्रामाणिक आहे आणि टेक्स्टॉरच्या निकालाशी थेट नातं सांगतो. करंटच हवा असेल तर तिथे एलएचचा विचार जरूर करा, माझं सगळं वर लिहिलेलं बाजूला ठेवून.

पुढची वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांपुढे ठेवलीत तर पारडं पुन्हा ईसीकडे झुकतं. आयटरमध्ये एलएच नाही. १७० गिगाहर्ट्झचे २४ जायरोट्रॉन ठरले होते, त्यातले दोन भारताकडून. २०२४ च्या नव्या आराखड्यात भिंत टंगस्टनची झाली आणि ईसीचा वाटा वाढवला गेला. वरच्या बाजूचे लाँचर तर मुख्यतः टेअरिंग मोडसाठीच आहेत. जेईटीवर ईसी कधीच बसली नाही, त्यामुळे तिथून शिकून आलेल्या माझ्या काही मित्रांना हे हत्यार चाळिशीत नव्याने शिकावं लागलं. तुम्ही आत्ताच शिकलात तर बरं.

यंत्र निवडताना गटाला हे विचारा: आरसा शॉट चालू असताना हलतो का, ईसीईचे किती चॅनेल तुमच्या क्यू पृष्ठभागाजवळ पडतात, आणि मागच्या मोहिमेत जायरोट्रॉन किती वेळा पूर्ण पल्सभर चालला. शेवटच्या प्रश्नावर लोक जरा घुटमळतात, तेवढ्यावरूनही बरंच कळतं. आणि हाती एलएचच आली तर परत येणाऱ्या पॉवरचा सिग्नल मोडच्या सिग्नलखाली, एकाच वेळेच्या अक्षावर काढा. आधी कोण हललं ते मिलिसेकंदापर्यंत बघून घ्या, मगच पेपर लिहायला बसा.